अठरा तारखेचा बार

सास्तूरच्या खाजाभाईला हळू बोलणं कधी जमलं नाही. मयताच्या घरी सांत्वनाला गेला तरी पहिले दोन शब्द तो बेतानं बोलायचा आणि तिसऱ्या शब्दाला आवाज असा चढायचा की रडणाऱ्या बायका दचकून गप्प व्हायच्या. हसीनाबी, त्याची बायको, मागून त्याचा सदरा ओढायची. पण त्यात त्याचा तरी काय दोष? उभी हयात ज्यानं कर्ण्याला टेकून काढली, ज्याचा डावा कान कधीच कामातून गेला, त्याला स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे कळावं कसं?

'खाजा साऊंड सर्व्हिस' अशी पाटी त्याच्या टेम्पोवर होती. मारुतीचा सप्ताह असो, दर्ग्याचा उरूस असो, बारसं असो की कुठल्याही झेंड्याची सभा असो, टेम्पो हजर. "आपला कर्णा कुनाच्या जातीचा न्हाय अन् कुनाच्या पक्षाचा बी न्हाय," असं तो म्हणायचा. अर्थात ओरडूनच.

हा धंदा त्याच्या हाती आला तो भूकंपात. घर गेलं, आई-बाप गेले, आणि पोरगेलेसा खाजा मागं राहिला. मदतछावणीत कळंबच्या एका साऊंडवाल्यानं कर्णा लावला होता, हरवलेल्या माणसांची नावं पुकारायला. पुकारून पुकारून त्या माणसाचा घसा बसला आणि माइक खाजाच्या हातात आला. सगळा गाव ओळखीचा असल्यामुळं त्यानं प्रत्येकाचं नाव त्याच्या-त्याच्या मानासकट घेतलं. कोणाला अण्णा म्हणाला, कोणाला मामी. स्वतःच्या बापाचंही नाव पुकारलं. काहींनी ओ दिली, काहींनी दिली नाही. तेव्हापासून त्यानं एक नेम धरला होता. माइकवरून माणसाचं नाव घ्यायचं ते मान देऊनच, मग तो माणूस शेळी हरवलेला असो की आमदार असो.

आता त्याच्या तोंडातल्या एका शब्दाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या शब्दानं घडवलं. आपण लग्नाचा बार उडवतो. कोणाच्या मुलीचं जमलं की शेजारी विचारतात, मग कधी उडवताय बार? त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण खाजाभाईनं हा शब्द लग्नापुरता ठेवलाच नव्हता. काल्याचा बार, उरसाचा बार, शाळेच्या गॅदरिंगचा बार. ग्रामपंचायतीनं नळाला पाणी येणार असल्याची दवंडी द्यायला सांगितली, तर हा गडी गल्लीगल्लीतून ओरडत गेला, "उद्या सकाळी पाण्याचा बार उडनार हाय, हंडे-घागरी तयार ठिवा!" सरपंचांनी कपाळाला हात लावला. गाव आठवडाभर हसत होतं.

त्याच्या शेजारच्या घरात शांताक्का राहायची. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या त्या एकसारख्या घरांच्या ओळीत या दोन घरांची भिंत एकच होती. शांताक्काचा नवरा सोमलिंग लवकर गेला. बाजाराच्या दिवशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून तिनं एकुलत्या एक शिवरंजनीला वाढवलं. बाई अशी फटकळ की भाकरीला घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला "बारामतीपातुर जाऊन बग सस्ती मिळती का" म्हणून वाटेला लावायची. खाजाभाई तिला अक्का म्हणायचा आणि ती त्याला एकेरीत खाजा. तिला सख्खा भाऊ नव्हता. ती जागा खाजाभाईनं कधी घेतली हे दोघांपैकी कोणालाही सांगता आलं नसतं.

शिवरंजनी जन्मली तेव्हा मारुतीच्या देवळात सप्ताह चालू होता आणि माइक खाजाभाईच्या ताब्यात होता. कोणीतरी धावत येऊन बातमी सांगितली, ती नेमकी डाव्या कानात. मुलगी म्हटलेलं याला मुलगा ऐकू आलं आणि यानं साऱ्या गावाला जाहीर केलं, "सोमलिंगअण्णांना पुत्ररत्न झालेलं हाय!" लोक पेढे मागायला दारात. शांताक्का बाजेवरून ओरडली, "माझ्या लक्ष्मीचा पोरगा केलास व्हय रं मुडद्या?" खाजाभाई कान धरून उभा राहिला. म्हणाला, "अक्का, चुकलं. हिच्या लग्नात साऊंड माझा आन् मामाबी मीच. असा बार उडवतो की ही चूक भरून निघंल."

ते कबूल केलेलं लग्न शेवटी जमलं. कळंबचा मुलगा होता, कृष्णराज, धान्याच्या अडतीवर काम करणारा. साखरपुडा झाला, अठरा तारीख धरली गेली आणि खाजाभाईच्या अंगात वारं शिरलं. एकच अडचण त्याला सतावत होती. मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं, ही हाळी माइकवरून द्यायची त्यानंच, आणि घेऊन यायचंही त्यानंच. स्वतःला हाळी द्यायची कशी? हसीनाबी म्हणाली, "पैले बोलो, फिर भागो जी."

त्याच दिवसांत रानात पवनचक्क्यांचं काम चाललं होतं. कंपनीच्या माणसांनी शिवारातली जुनी पाणंद खांब रोवून बंद केली. बैलगाडी न्यायची कुठून? लोक चिडले, फाट्यावर रास्ता रोको ठरला आणि अर्थातच कर्णा खाजाभाईचा. सकाळी टेम्पोत सामान चढवता-चढवता त्यानं शांताक्काच्या मोबाइलवर एक बोलका मेसेज टाकला. लिहिणं त्याला कंटाळवाणं वाटायचं. मेसेज असा होता: "अक्का, सामान समदं बगून ठिवलंय. अठरा तारखेला बार उडवायचा म्हंजी उडवायचा. आवाज असा काढतो की लोहाऱ्यापातुर खिडक्या हादरल्या पायजेत. मानसं कमी पडू देत न्हाय. तुमी निस्तं गप बसून बगा."

फाट्यावर भाषणं झाली, घोषणा झाल्या. मग गर्दीतून कोणीतरी दगड भिरकावला आणि एका जीपची काच फुटली. तो कोणी मारला हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. पोलिसांनी हाती लागतील त्यांना उचललं. खाजाभाई जनरेटर बंद करत होता, त्याला पळायचं सुचलंच नाही. पळायचं कशाला, हाही प्रश्न होताच. तो गाडीत बसतानाही हवालदाराला सांगत होता, "साहेब, माझ्या ॲम्प्लिफायरवर ऊन येतंय, त्येवढं झाकायला लावा."

बाकीचे साध्या कलमांवर आठवड्याभरात घरी आले. खाजाभाईचा मात्र मोबाइल उघडला गेला आणि तो मेसेज बाहेरून आलेल्या तपासवाल्या साहेबांच्या हाती पडला. साहेब लांबच्या मुलखातले. मेसेजचं इंग्रजी करायचं काम कोणा परक्या माणसाकडं गेलं, त्यानं शब्दाला शब्द लावला, आणि सास्तूरच्या लग्नाचा झाला बॉम्बस्फोट.

"बार किधर उडानेवाला था?" साहेबांनी विचारलं.

"इधरच. शाळा के मैदान में," खाजाभाई म्हणाला. शाळेचं नाव ऐकून साहेब खुर्चीत सरळ झाले.

"आदमी कितने?"

"हजार-बाराशे तो आतेच आते, साब. बुंदी जास्ती बनाने बोले हैं."

"सामान?"

"दो टॉप, चार बेस. जनरेटर मेरा खुद का."

"बेस? कहाँ-कहाँ बेस हैं?"

खाजाभाईचा आवाज चढला. "अजी साब, शादी है शादी! लग्नाचा बार वो! पोरीचं लग्न हाय!"

साहेबांनी शेजारच्या माणसाकडं पाहून मान हलवली. 'लग्न' हा सांकेतिक शब्द असल्याची नोंद त्या दिवशी झाली. शांताक्कालाही बोलावून घेतलं. तिनं पत्रिका दाखवली, साखरपुड्याचे फोटो दाखवले, वर चार शब्द सुनावले. तिचा जबाब कागदावर उतरला तो असा, की सदर महिला आरोपीच्या निकटची असून तीही लग्न हाच शब्द वापरते. आता यावर डोकं आपटायचं तरी कुठं!

खाजाभाईवर दहशतवादविरोधी कायद्याचं कलम लागलं. गावात त्याला मोठं कलम म्हणू लागले. धाराशिवच्या राजेश्वरी वकीलबाईंनी खटला घेतला. तरुणच बाई, पण त्यांनी खोटा धीर दिला नाही. हसीनाबी आणि शांताक्का दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "एरवी गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरतात. या कायद्यातही तसंच म्हणायचं. पण जामीन मागायला गेलं की कोर्ट आधी पोलिसांचा कागद बघतं. कागद वरवर खरा वाटला, तर जामीन नाही. तो खोटा आहे हे दाखवायचं खटला चालेल तेव्हा."

"आन् खटला कवा चालंल?" शांताक्कानं विचारलं.

"साक्षीदारच शंभराच्या वर आहेत, अक्का."

"मंजी आदी भोगायचं आन् मग इचारायचं, केलतास का रं बाबा?"

वकीलबाईंनी मान हलवली आणि अर्ज लिहायला घेतला. विशेष कोर्टात जामिनाचा अर्ज उभा राहिला तेव्हा न्यायाधीश मराठीच होते. मेसेज वाचताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलेलं शांताक्कानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बार उडवणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे, असं ते म्हणालेही. पण शब्दाचा अर्थ कोणता घ्यायचा हे पुराव्यानंतरच ठरेल, या टप्प्यावर आपल्याला तो तपासता येत नाही, असंही म्हणाले. अर्ज फेटाळला गेला. शांताक्का कोर्टाच्या पायरीवर बसून म्हणाली, "ठावं हाय, तरीबी म्हायती न्हाय. असं कसं वो?" तिला खरंच राग येत नव्हता. काही केल्या ते तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

आता हायकोर्ट उरलं. राजेश्वरीबाईंचं म्हणणं, शांताक्कानं शपथेवर लिहून द्यावं की मेसेज मला होता, लग्न माझ्या मुलीचं, अमक्या घराशी ठरलेलं. पण अटकेची बातमी कळंबला आधीच पोचली होती. व्याह्यांनी लग्न तेव्हाच पुढं ढकललं होतं. आता लिहून देण्याचं कळताच त्यांनी निरोप धाडला. आमचं नाव अशा भानगडीत कोर्टात येता कामा नये. तुम्ही लिहून देणार असाल तर सोयरीक विसरा.

हा निरोप खाजाभाईला तुरुंगात कळला तो हसीनाबीकडून. त्यानं वकीलबाईंना सरळ सांगितलं, अक्काचा कागद लावायचा नाही. बाईंनी समजावलं, त्याशिवाय अर्ज लंगडा पडतो. खाजाभाई हटला नाही. बराकीत तो आता कोणाशी फारसा बोलत नव्हता. बोलणं महागात पडतं हे त्याला कळलं होतं, आणि एवढा अवाढव्य आवाजाचा माणूस, पण आवाज गिळून टाकल्यासारखा झाला होता. बराकीतल्या कोणीतरी विचारलं, काय केलंस? तर तो म्हणाला, "बोल्या."

मग शांताक्का स्वतः मुलाखतीला गेली. मध्ये काच आणि दोन्ही बाजूंना टेलिफोन. खाजाभाईनं सवयीनं रिसीव्हरवर टिचकी मारली, कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. "अक्का, ह्येची अर्थिंग गेल्याली हाय. घुं घुं करतंय," तो म्हणाला. शांताक्काच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. या माणसाला बॉम्ब करायचाच असता तर आधी त्यानं त्याची अर्थिंग तपासली असती.

"खाजा, म्या लिवून देनार हाय," ती म्हणाली.

"न्हाय अक्का. पोरीचं मोडंल. म्या आजून वरीसभर बसतो की. हितं काय, दोन टायमाला भाकर मिळती. तुमच्यावानी कडक न्हाय, पर मिळती."

"आन् तुजी अलिजा? हसीना? त्येंनी काय करावं?"

अलिजा ही त्याची कॉलेजात जाणारी मुलगी. तिच्या नावावर तो थांबला. काचेला हात लावून म्हणाला, "तिला म्या समजावतो. पर आपल्या रंजूच्या जल्माच्या वक्ताला म्या येकदा चूक केल्याली हाय अक्का. दुसऱ्यांदा माज्यामुळं तिचं वाटुळं नगं."

"तू आत हाईस तवर तुजं ऐकायचं न्हाय, आसं म्या ठरिवलंय," असं म्हणून शांताक्कानं फोन ठेवला. वेळही संपलीच होती. खाजाभाई काचेपलीकडून हातवारे करत राहिला, पण आवाज येत नव्हता.

पुढं कळंबला जे घडलं ते हसीनाबीनं त्याला पुढच्या मुलाखतीत सांगितलं, आणि त्यानं ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेतलं. शांताक्का हसीनाबीला बरोबर घेऊन एसटीनं गेली. व्याह्यांच्या ओसरीवर बसली. चहा आला, तो तिनं बाजूला ठेवला.

व्याही म्हणाले, "विहीणबाई, तुमचा शेजारी भला मानूस आसंल. पर त्यो निर्दोष आसता तर सरकारनं येवढे म्हैने आत ठिवला आसता का? कायतरी केल्याबिगर?"

शांताक्का म्हणाली, "मला येक सांगा. साखरपुडा झालाय आपल्या लेकरांचा?"

"व्हय."

"पत्रिका छापल्यात. टिळा लावलाय. चार मानसांनी सुपारी फोडली. समदं कागदावर झालंय. मग आज माझ्या पोरीला तुमच्याकडं नांदाया धाडू? आजच घिऊन जाता का?"

"आसं कसं? आजून अक्षता पडायच्यात की!"

"बगा. अक्षता पडस्तवर ती तुमची सून न्हाय. टिळा लागला तरी न्हाय, पत्रिका छापली तरी न्हाय. आक्खं गाव म्हनलं तरी न्हाय. मग आमच्या खाजाला नुस्तं नाव लावलंय, आजून अक्षता कुठं पडल्यात? त्येला तुमी आत्ताच गुन्ह्याच्या घरी नांदाया धाडला व्हय?"

दाराआड उभा असलेला कृष्णराज फिसकन हसला. मग तो बाहेर येऊन शांताक्काच्या पाया पडला आणि बापाला म्हणाला, "आबा, कागदावर माझं नाव लिहू द्या. लग्न माझंच हाय म्हणावं. खोटं कुठं हाय त्यात?" व्याही बराच वेळ सुपारी कातरत बसले. शेवटी म्हणाले, "चहा घ्या, गार झाला."

लग्न झालं ते पुढच्या एका अठरा तारखेलाच. भटजींनी सतरा सुचवली होती. शांताक्का म्हणाली, "अठराच. मेसेजमदी अठरा हाय, माझा भाऊ खोटा पडाया नगं." मैदान शाळेचंच. मात्र कर्णा नाही. कृष्णराजच्या मित्रांनी लातूरहून डीजे आणायचं म्हटलं, त्यांना तिनं हात जोडले. भटजींनी तोंडानं जेवढं ऐकू जाईल तेवढं म्हटलं आणि हजार माणसं ऐकायला पुढं सरकून अशी दाटीवाटीनं उभी राहिली की मांडव निम्मा रिकामाच पडला. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं म्हणायची वेळ आली तेव्हा भटजींनी इकडं-तिकडं पाहिलं. मग हसीनाबी उठली. डोक्यावरचा पदर सावरला आणि शिवरंजनीचा हात धरून तिला मांडवात घेऊन आली. शांताक्का कधी नव्हे ती ढसाढसा रडली.

त्या दिवशी दुपारी खाजाभाई बराकीच्या गजापाशी उभा होता. मुहूर्त त्याला माहीत होता. ओठ हलत होते पण आवाज काढला नाही. सगळ्यांची नावं मानासकट घेतली, पाहुण्यांचं स्वागत केलं, मुलीच्या मामांना हाळी दिली आणि स्वतःच ओ दिली. अक्षतांसाठी हात वर केला तेव्हा शेजारचा कैदी त्याच्याकडं काळजीनं पाहू लागला.

हायकोर्टानं जामीन दिला. लग्न खरोखर झालेलं होतं, ठरलेल्या घरी, ठरलेल्या मैदानात, आणि शांताक्काबरोबर नवऱ्या मुलानंही सहीनिशी लिहून दिलं होतं. खटला मात्र तसाच उभा राहिला. निर्दोष असा शिक्का कोणी मारला नाही. जामिनाची अट अशी की दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची.

परत आलेला खाजाभाई वेगळाच होता. कर्ण्याचा आवाज तो आता निम्म्यावर ठेवायचा. आणि शब्द जोखून, मोजून-मापून वापरायचा. लग्नाला विवाह सोहळा म्हणायचा. फटाके न म्हणता शोभेच्या वस्तू. एकदा माइकवरून "पाहुण्यांनी मंडपावर हल्ला करावा" हा त्याचा नेहमीचा जेवणाचा विनोद ओठांपर्यंत आला आणि त्यानं तो गिळला. "भोजनाचा लाभ घ्यावा," असं तो म्हणाला. मांडवात कोणी हसलं नाही. मयताच्या घरी आता तो शहाण्यासारखा हळू बोलायचा, आणि हसीनाबीला ते ऐकवत नसे. रात्री जेवताना ती म्हणाली, "चिल्लाव ना जी जरा. घर सुना लगता." तो नुसता हसला. शिवरंजनी माहेरी आली की "मामा, माझा बार राहिलाय" म्हणून चिडवायची. तो ओठावर बोट ठेवून दाराकडं पाहायचा. शांताक्काला ते पाहून चीड यायची. तिनं माणूस सोडवून आणला होता आणि त्याची जीभ तिकडंच राहिली होती.

सोमवारची हजेरी हवालदार धनाजी घ्यायचे. वाईट माणूस नव्हे, पोटाचा थोडा त्रास असल्यामुळं तोंड कायम आंबट. वर न पाहता ते ओरडायचे, "आरोपी नऊ!" खाजाभाई म्हणायचा, "हजर." सही करायचा, निघायचा. ज्यानं भूकंपाच्या मातीत उभं राहून मेलेल्यांनासुद्धा अण्णा-मामी म्हणून हाक मारली, त्याला आठवड्याच्या आठवड्याला आकड्यानं हाक ऐकू येत होती. त्यानं त्याबद्दल कोणाकडं तक्रार केली नाही. डावा कान त्या बाजूला करून उभा राहायचा, एवढंच.

अशाच एका सोमवारी सही झाली आणि खाजाभाई वळला. धनाजींनी हाक मारली, "ए, थांब जरा. तुझा साऊंड कितीला आसतो?"

"कशाला पायजे, साहेब?"

धनाजींचं आंबट तोंड पहिल्यांदाच खुललं. "पोरीचं जमलं बाबा एकदाचं! तुळजापूरचं स्थळ हाय. आता उशीर न्हाय करायचा, येत्या म्हैन्यात बार उडवून टाकायचा! आवाज आसा पायजे की—"

ते बोलता-बोलता थांबले. खाजाभाई त्यांच्याकडं पाहत होता. दोघांच्या मध्ये टेबल होतं आणि तो शब्द होता. धनाजींची मान आपोआप दाराकडं वळली, मग फौजदार साहेबांच्या खोलीकडं. त्यांनी आवाज खाली आणला. "न्हाय... म्हंजी, मंगल कार्य. मंगल कार्य हाय पोरीचं."

खाजाभाईनं ती नजर ओळखली. दाराकडं वळणारी, भिंतीला कान आहेत का पाहणारी. ती त्याची स्वतःची होती. इतके दिवस त्याला वाटत होतं की ही भीती आपल्या एकट्याच्या वाट्याला आलीय. आणि इथं वर्दीतला माणूस, पोरीच्या लग्नाच्या आनंदात, आपल्याच ठाण्यात, आपल्याच भाषेतल्या शब्दाला भ्यायला होता. खाजाभाईला त्याची दया आली. मग स्वतःची आली. मग त्याला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं कोण जाणे.

"न्हाय साहेब," तो म्हणाला, आणि तिसऱ्या शब्दाला आवाज चढला तो चढलाच. "बारच म्हना! पोरीच्या लग्नाला काय मंगल कार्य म्हनत्यात व्हय, बँकेचा कार्यक्रम हाय का त्यो? बार उडवू साहेब, बार! आसा उडवू की तुळजापूरची मानसं इचारतील, ह्यो आवाज कुनाचा!"

ठाण्याच्या खिडक्या खरोखर हादरल्या. लॉकअपमधला एक दारुडा उठून बसला. आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, "कोण ओरडतंय रे बाहेर?"

धनाजी झटकन उभे राहिले. "काय न्हाय साहेब. आरोपी न—"

त्यांनी समोर पाहिलं. खाजाभाईचा चेहरा अजून हसरा होता, पण तो वाट पाहत होता. उजवा कान पुढं करून.

धनाजींनी हजेरीचं पुस्तक मिटलं. "आपले खाजाभाई हायेत, साहेब," ते म्हणाले. "सास्तूरचे. पोरीच्या लग्नाचं सांगाया आलते."